तिघांचा फोटो

"हनुवटी खाली. खांदे सोडा. आता मला न्हाई, तुमच्या लेकराला बघून हसा."

फोटो काढताना शिवरंजनी हेच बोलते. समोर बसलेल्याला लेकरू नसलं तरी हेच बोलते, आन् माणूस हसतंच. ताडकळसच्या बसस्टँडाजवळ बजरंगचं झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं ती बारावीनंतर कामाला लागली. आधी नुसते ऑनलाईन फॉर्म भरायची. मग एक दिवस बजरंग आजारी पडला, कॅमेरा हिच्या हातात आला, तो पुन्हा त्याच्याकडं गेलाच न्हाई. बजरंग फोटो काढायचा तवा माणूस पोलिसानं धरून आणल्यासारखा दिसायचा. माझ्या आधार कार्डावरच बघा, कुणी माझ्याकडं उसनी साखर मागायला यायची हिंमत करणार न्हाई. पण शिवरंजनीनं काढलेला माझा एक फोटो हाय, त्यात मी दिसते त्याच्यापेक्षा चांगली दिसते. नवरा म्हणला, ही कोण? मी म्हणलं, तुझी पहिली बायको.

मी सविता. ब्लाउज शिवते. रेवणप्पाच्या घराची आन् माझ्या घराची भिंत एकच. त्यांच्याकडं फोडणी पडली की मला इकडं ठसका लागतो. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. तापतं तर तापतं, मी काय करू?

शिवरंजनी ही रेवणप्पाची मोठी. रेवणप्पा दिवसभर किराणा दुकानात, तिची आई सुमनबाई शेतात, आजी मल्लम्मा वट्ट्यावर. शिवरंजनीनंतर लय वर्षांनी निलू झाली, तिच्यानंतर बसवेश्वर, म्हणजे आमचा बसू. ही दोन्ही लेकरं शिवरंजनीच्या कडेवर मोठी झाली. शाळेत जायच्या आधी निलूच्या वेण्या घालायची, शाळेतून आली की बसूला उचलायची. बसूच्या तोंडून पहिला शब्द 'ताई' निघाला. सुमनबाई लय दिवस रुसली होती. "पोट माझं दुखलं आन् नाव हिचं," म्हणायची. मी म्हणलं, अगं, कडेवर कोण घेतंय ते बघून लेकरू बोलतं, त्याला काय तुझं पोट दिसतंय?

तर हातात कॅमेरा आल्यापास्नं शिवरंजनी ह्या दोघांचे फोटो काढायलीय. बसूचा दात पडला, फोटो. निलू सायकलवरून पडली, तर पोरीला उचलायच्या आधी फोटो. मी ओरडले, "अगं तिला उठव की आधी!" तर म्हणते, "काकू, रडताना तिचं नाक लय भारी दिसतं." दोघांचे इतके फोटो असतील की मोबाईल भरून वाहायलाय. पण तिघांचा एकबी न्हाई. शिवरंजनी कधीच फोटोत न्हाई.

त्याचं कारण मल्लम्मा. तिघांनी एका फोटोत बसू नये, एखादं कमी होतं, असं जुने लोक म्हणतात. बाकीच्या घरांत आता कोण ते पाळत न्हाई. मल्लम्मा पाळते, आन् तिला कारण हाय. तिच्या आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीवर एक जुना काळा-पांढरा फोटो टांगलेला हाय. मल्लम्मा आन् तिच्या दोन बहिणी. मल्लम्माचं लग्न जमलं त्या वर्षी तिघी मिळून धानोऱ्याच्या महादेवाच्या जत्रंला गेल्या होत्या, तिथं मागं रंगवलेला बगीचा लावून काढलेला. तिघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या. मधली गिरजा. गिरजा त्याच वर्षी तापानं गेली. फोटोनं का कुणी मरतं? तसं मी एकदा मल्लम्माला बोलूनबी दाखवलं. ती म्हणली, "सविता, तुला बहीण हाय का?" मला न्हाई. 

औंदा शिवरंजनीचं लग्न जमलं. पोरगा उदगीरचा, चांगला हाय, बोलतो कमी. पाडव्यानंतरची तारीख धरली. आन् तवापास्नं पोरीच्या मनात एकच बसलं, की उदगीरला जाताना आमचा तिघांचा फोटो संगं न्यायचा. भिंतीवर लावायचा. एवढंच. दागिन्याला हट्ट केला न्हाई, साडीला केला न्हाई, हा एकच हट्ट. मल्लम्माचे पाय चेपता चेपता तिनं विचारलं. म्हातारीनं पाय ओढून घेतले. "हळद लागायच्या तोंडावर? बिलकुल न्हाई. शब्द दे मला." शिवरंजनीनं शब्द दिला. मी भिंतीपल्याड मशीन चालवायले होते, मला सगळं ऐकू आलं. माझं डोकं असं तापलं की सुई तुटली.

पण शिवरंजनी भांडली न्हाई. म्हणली, "मग काकू, जत्रंत दोघांचा तरी असा फोटो काढते की बघितल्याबरोबर दोघं समोर उभी राहिली पाह्यजेत. तोच नेते."

जत्रा धानोऱ्याचीच होती. हरभरा काढून झालेला, शेतात गडबड न्हाई, म्हणून रेवणप्पानं लेकरांना सोडलं. त्याची एक अट, संगं सविताला न्या. मी तयार होऊन बाहेर यायला जरा उशीर झाला, पिन सापडेना. तोवर तिकडं तिघं उंबऱ्यात उभी. मल्लम्मानं तिघांच्या कपाळाला विभूती लावली आन् एकदम ओरडली, "तिघं निघायलाव का रे? खडा घ्या, खडा!"

आमच्याकडं असं हाय. तिघांनी चांगल्या कामाला निघू नये. निघायचंच असलं तर वाटेवरचा एक खडा उचलून संगं घ्यायचा. तो चौथा धरायचा. बसूनं लगेच अंगणातून एक खडा उचलला, लिंबाएवढा, काळा, मधून पांढरी रेघ गेलेला. तेवढ्यात मी पोचले. म्हणलं, "टाक रे तो, मी हाय की चौथी." मल्लम्मानंबी मान हलवली. बसूनं माझ्याकडं बघितलं, मुठीकडं बघितलं, आन् खडा खिशात घातला. पोरांच्या खिशात काय काय असतं, म्हणून मी ध्यान दिलं न्हाई.

जीपमध्ये माणसांवर माणसं. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसली होती, तिचा मालक म्हणतो, "घाबरू नका बाई, गरीब हाय." मी म्हणलं, "ती गरीब हाय, मी न्हाई." धानोऱ्याला उतरलाव तवा माझी इस्त्रीची साडी ना इस्त्रीची राहिली, ना साडी राहिली.

देवाचं दर्शन घेतलं, नारळ फोडला, आन् लेकरं सुटली. निलूनं जांभळा गॉगल घेतला, बसूनं पिपाणी. गोडीशेवेच्या ढिगापुढं दोघं अशी उभी राहिली जणू आयुष्यात खायला मिळालं न्हाई. शिवरंजनी त्यांच्यापुढं उलटी चालत फोटो काढायली. मागं बघायची न्हाई. एकदा बांगड्यांच्या पथारीवर पडता पडता मी तिची वेणी धरून ओढली.

पहिला फोटो बघितला. निलू झक्कास, गॉगल घालून. बसूबी हसरा. पण त्याचा एक हात पुढं, कॅमेऱ्याकडं, आन् हातात तो खडा.

"बसू, हातातलं ठेव की," शिवरंजनी म्हणली.

"राहू दे की ताई."

पाळण्यात बसवलं. पाळणा वर जाताना दोघं ओरडायली, केस उडायलेले, पाठीमागं नदी, मोकळं आभाळ, लय देखणा फोटो. त्यातबी बसूचा हात बाहेर, मुठीत खडा. पाळणेवाला ओरडला, "ए पोरा, कुणाच्या डोक्यात घालतोस का?" बर्फाच्या गोळ्यापाशी तेच. एका हातात लाल गोळा, तो वितळून कोपरापर्यंत आलेला, तो चाटायचं सोडून दुसऱ्या हातानं खडा पुढं. फोटो काढणाऱ्याच्या मंडपात पुठ्ठ्याची मोटारसायकल होती, तिच्यावर बसला, तर हँडल सोडून खडा धरला. शिवरंजनी आधी हसली, मग समजावलं, मग गोडीशेवेची लालूच दाखवली. शेव खाल्ली पठ्ठ्यानं. खडा सोडला न्हाई.

दुपार कलायला लागली. तिनं एका झाडाखाली बसून सगळे फोटो बघितले. एकेक सरकवत गेली. सगळ्यांत खडा. तोंड एवढंसं झालं तिचं.

"काकू, भिंतीवर लावायला एकबी न्हाई," म्हणली. "लोक म्हणतील, भाऊ दगड मारायला निघालाय."

मला तिचं वाईट वाटलं. आन् मला वाईट वाटलं की माझं डोकं तापतं, माझं असंच हाय. रसवंतीपुढं तिनं पुन्हा दोघांना उभं केलं. उन्हं चांगली पडली होती, रसाचे ग्लास हातात, निलू गोड हसायलेली. शिवरंजनी म्हणली, "हनुवटी खाली, खांदे सोडा, आता..." आन् बसूनं खिशातून खडा काढला.

मी पुढं झाले, त्याची मूठ उघडली, खडा घेतला आन् भिरकावून दिला. रसवंतीमागं चिपाडाचा हा एवढा ढीग होता, त्यात जाऊन पडला. "घे आता," म्हणलं. "काढ गं फोटो."

बसूनं ग्लास खाली टाकला. त्याचं तोंड वाकडं झालं, आन् मग असा रडायला लागला की रसवंतीवाल्यानं बैलाच्या गळ्यात असतात तशी घुंगरं लावलेलं चाक थांबवलं. लोक बघायले. मला लाज वाटली, म्हणून मी आणखी ओरडले, "एका दगडासाठी एवढं रडतोस? गावात दगड काय कमी हायेत?"

"टाकला ना!" बसू हुंदके देत म्हणला. "आता आमी तिघंच राहिलाव!"

"कुठले तिघं रे? फोटोत तू आन् निलू. दोघं झाले."

"आन् ताई?"

"ताई फोटो काढायलीय."

"मग ती आमच्यासंगं न्हाई का?" तो म्हणला. "मी तिला मोजायलोय. सगळ्या फोटोत मोजलं. म्हणून तर खडा धरला. न्हाईतर ती कमी होईल."

 शिवरंजनी होती तिथंच मातीत बसली, नव्या ड्रेसची फिकीर न करता. बसूला तिनं ओढून घेतलं आन् त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून रडली. इतके दिवस लग्नाची खरेदी चालली, पाहुणे आले-गेले, पोरगी कुणापुढं रडली न्हाई. तिथं, त्या चिपाडाच्या वासात, मन मोकळं करून रडली. बसू तिला म्हणायला, "तू नको रडू, मी दुसरा घेतो." मग लगेच म्हणला, "पण तो अंगणातला होता. आजीनं घे म्हणलेला."

मग काय, शोधला. कुणी टाकला? सवितानं. मग सवितानंच शोधायचा. मी पदर खोचला आन् गुडघ्यांवर त्या चिकट ढिगात घुसले. माशा सगळ्या माझ्या तोंडावर. रसवंतीवाला म्हणतो, "बाई, सोन्याचं काही पडलं का?" मी म्हणलं, "त्याच्यापेक्षा महाग हाय, तुमी बी शोधा." तोबी बिचारा शोधायला लागला. एक खडा सापडला तो मी हळूच बसूपुढं धरला. त्यानं उलटापालटा करून बघितला. "ह्याला रेघ न्हाई." मग निलूनं गॉगल डोक्यावर चढवला, आन् ढिगाच्या पार बुडातून काढला. काळा, पांढरी रेघ असलेला.

निलू ही पोरगी बोलते कमी, पण डोकं तिचं तेज. खडा हातात धरून म्हणली, "ताई, खडा चौथा हाय ना? मग तू आत ये की. तिघांचा कुठं होतोय? चौघांचा झाला."

निघताना खडा घेतात हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत हाय. पण फोटोत खडा घ्यावा, हे आजपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. माझ्याबी न्हाई, मल्लम्माच्याबी न्हाई. शिवरंजनीनं मान हलवली. म्हणली, "मी आजीला शब्द दिलाय."

"तिघांचा दिलास," निलू म्हणली.

शिवरंजनीनं डोळे पुसले.  "काढू," म्हणली. "पण घरी गेल्यावर आधी आजीला दाखवायचा. ती न्हाई म्हणली तर तिच्यासमोर पुसून टाकायचा. कुणी रडायचं न्हाई."

मोबाईल माझ्या हातात दिला. मला कुठं येतंय फोटो काढायला? मशीनीत दोरा ओवायचा सांगा, डोळे झाकून ओवते. तिघं मातीतच बसली, मधी बसू. मी म्हणलं, "हनुवटी खाली, खांदे सोडा," पुढचं विसरले. "आता काय ते करा!" तिघं फस्सकन हसली, आन् माझं बोट कुठंतरी दाबलं गेलं.

फोटो बघितला. वाकडा. एका कोपऱ्यात माझं बोट आलेलं. बसूचा खडा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा दिसायलेला. शिवरंजनीचं नाक लाल, केस पिंजारलेले, हनुवटी पार वर. साऱ्या गावाच्या हनुवट्या खाली करणारी ही पोरगी. मी म्हणलं, दुसरा काढते. ती म्हणली, "नको काकू. हाच."

परतीच्या जीपमध्ये लेकरं झोपली. शिवरंजनी मोबाईल छातीशी धरून बसली होती. पुसायचा झाला तर, म्हणून की काय, तो पुन्हा पुन्हा उघडून बघायली. मी देवाला म्हणलं, महादेवा, म्हातारीला आज तेवढी बुद्धी दे, पुढल्या सोमवारी पुन्हा नारळ फोडीन.

मल्लम्मा वट्ट्यावरच बसली होती. शिवरंजनीनं काही लपवलं न्हाई. सरळ सगळं सांगितलं आन् मोबाईल तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला आन् बोट लावून मोजायला लागली. बोट लागलं की फोटो मोठा व्हायचा, माणूस पळून जायचं. "ही निलू... अगं, कुठं गेली?" शिवरंजनीनं पुन्हा नीट करून दिला. "एक. दोन." म्हातारी थांबली. "तीन." तिचा आवाज बदलला. 

बसूनं मधी हात घातला. त्याचं बोट खड्यावर. "चार, आजी."

"कुठला खडा हाय हा?"

"अंगणातला. तूच सकाळी घे म्हणलीस की."

मल्लम्मा त्या खड्याकडं बघत राहिली. मग मान वळवून आतल्या खोलीकडं बघितलं, कणगीच्या वर.

"आमी तिघी निघालाव तवा," ती हळूच म्हणली, "आमाला कुणी खडा दिला न्हाई रे. गडबड लय होती. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

 शिवरंजनीनं मोबाईलकडं हात केला. "पुसू का, आजी?"

"पुसू नको," मल्लम्मा म्हणली. "मोठा करून घे. उदगीरला ने."

शिवरंजनीनं तिच्या मांडीत डोकं घातलं. बसूला मात्र वेगळंच काम सुचलं. त्यानं आतल्या खोलीत स्टूल ओढत नेलं, त्यावर चढला आन् खिशातला खडा त्या जुन्या फोटोखाली, कणगीच्या झाकणावर ठेवला. तिथूनच ओरडला, "आजी, आता तुमी बी चार!"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी उठले आन् माझ्या घरात जाऊन रडले. भिंत एकच हाय, त्यांना ऐकू आलं असंल. येऊ दे.

पाडव्यानंतर लग्न झालं. पाठवणीला काय झालं ते सांगत न्हाई, सगळ्यांकडं तसंच होतं. मागल्या महिन्यात मी उदगीरला जाऊन आले, तिचं माप घ्यायला. बैठकीत शिरल्याबरोबर समोर तो फोटो, मोठा करून, काच लावून. वाकडाच. माझं बोटबी तसंच. चहा पिता पिता तिची सासू मला म्हणली, "सगळं छान हाय हो, पण ह्या लेकरानं दगड कशाला धरलाय?"

मी सांगणार, तेवढ्यात शिवरंजनी आतून बशी घेऊन आली.

"मी मोजायची राहू नये म्हणून," ती म्हणली.